पुरणयंत्रातून आयरिश बटाट्याचं सूप : भांडी बाजारातून घेतलेल्या यंत्राचा रिव्ह्यू

आधीच सांगते, हा रिव्ह्यू पुरणयंत्राचा आहे पण यात पुरण कुठेच नाहीये. मागच्या वर्षी नाताळच्या सुट्टीत नाशिकच्या भांडी बाजारातून स्टीलचं पुरणयंत्र घेतलं ते फक्त बटाट्याच्या सूपसाठी, आता त्याचे दोन हिवाळे झाले म्हणून लिहितेय, कारण मी घ्यायच्या आधी शोधत होते तेव्हा सगळीकडे पुरण कसं निघतं एवढंच वाचायला मिळत होतं, सूपबद्दल कोणीच काही लिहिलेलं नव्हतं.

झालं असं की माझी भाची आयर्लंडला कॉर्कमध्ये मास्टर्स करत होती आणि डिसेंबरमध्ये सुट्टीला घरी आली. तो आठवडा नेमका कडाक्याचा होता, निफाडचा पारा सहाच्या आसपास, नाशिकमध्येही सकाळी नळाच्या पाण्यात हात घालवत नव्हता. तिकडून आलेली पोरगी इथे कुडकुडत होती, म्हणाली तिकडे बाहेर थंडी असते पण घरात हीटर असतो गं, आपल्याकडे घरातच जास्त वाजते, आणि ते खरंच आहे, आपली घरं उन्हाळ्यासाठी बांधलेली, फरशी बर्फासारखी होते. पंचवीस तारखेला सगळ्यांनाच सुट्टी, ताई आलेली, निफाड तालुक्यातून आमचे आबा आलेले, तर ही म्हणे, "मावशी, आज तिकडचं बटाट्याचं सूप करूया ना, मी सांगते तसं तू कर."

बटाटा, कांदा, बटर, दूध, मिरपूड. एवढंच सामान. मला वाटलं यात काय अवघड, शिजवायचं आणि मिक्सरमधून काढायचं. तिथेच चुकलं. एक तर गरम सूप मिक्सरच्या भांड्यात घातल्यावर वाफेने झाकण उडालं आणि माझ्या मनगटावर शिंतोडे आले, आणि दुसरं म्हणजे जे निघालं ते सूप नव्हतंच, पोस्टर चिकटवायची खळ असते ना अगदी तशी, चमच्याला तार धरणारी. चव बरी होती पण जिभेवर चिकटून बसत होती. भाचीचा चेहरा उतरला, तिला जे खायचं होतं ते हे नव्हतं.

मी ते सिंकमध्ये ओतणार तेवढ्यात आबा म्हणाले, "टाकू नको, भाजणी आहे ना घरात?" दुसऱ्या दिवशी ते सगळं थालीपिठाच्या भाजणीत मळलं आणि थालीपिठं इतकी मऊ झाली की ती पद्धत आता आमच्याकडे कायमची झालीये. पण सूप राहिलंच.

नंतर शेजारणीचा हँड ब्लेंडर आणून बघितला. तो मिक्सरपेक्षा बरा, पातेल्यातच फिरवता येतो, झाकण उडायची भीती नाही, पण हात जरा जास्त रेंगाळला की पुन्हा तेच, खळ. आठ-दहा सेकंद थांबून थांबून फिरवलं तर चालतं, पण मग मधेमधे गोळे राहतात.

हे असं का होतं ते समजून घेतलं तेव्हा सगळं लख्ख कळलं. बटाटा शिजतो तेव्हा त्यातला स्टार्च पाणी पिऊन फुगतो पण तो पेशीच्या पिशवीतच असतो, आणि पेशींना एकमेकींशी धरून ठेवणारा जो पदार्थ असतो, पेक्टिन, तो शिजून सैल होतो. त्यामुळे बटाटा हलक्या हाताने दाबला की पेशी एकमेकींपासून सुट्या होतात, पिशव्या फुटत नाहीत, सूप मखमली लागतं. मिक्सरचं पातं त्या पिशव्याच फाडतं, आतला सगळा स्टार्च बाहेर येतो आणि त्याचीच खळ होते. म्हणजे बटाटा कापायचा नाही, दाबून जाळीतून काढायचा. हे वाचून दाखवत होते तर सासूबाई म्हणाल्या, "मग पुरणयंत्र काय वेगळं करतं?"

आणि खरंच की! तिकडे जुन्या स्वयंपाकात याच कामाला फूड मिल नावाचं यंत्र वापरतात, भाचीने मोबाईलवर फोटो दाखवला तर ते हुबेहूब आपलं पुरणयंत्र. तेच तीन पाय, तीच जाळी, तेच फिरवायचं हँडल.

आता तुम्ही म्हणाल घरात पुरणयंत्र असताना नवीन कशाला. तर आमच्याकडे जे आहे ते पितळी, सासूबाईंच्या सासूबाईंचं, होळीला आणि श्रावणात नैवेद्याच्या पुरणालाच निघतं. त्याला कांदा लागू द्यायचा नाही हे सासूबाईंनी स्पष्ट सांगितलं आणि मला ते पटलंही, काही भांडी तशी जपायचीच असतात. "सुपाला वेगळं आण, मी पैसे देते," म्हणाल्या. म्हणून सव्वीस तारखेला आम्ही तिघी, मी, ताई आणि भाची, भांडी बाजारात.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, भांडी बाजार म्हणजे जुन्या नाशकात सराफ बाजाराला लागून, गोदावरीच्या अंगाला, पावसाळ्यात नदीला मोठा पूर आला की पाणी दुकानांपर्यंत येतं असा भाग. गाडी आत नेऊ नका, लांब लावून चालत जा. तांब्या-पितळेच्या कामासाठी नाशिक जुन्या काळापासून नावाजलेलं आहे आणि अजूनही त्या गल्लीत शिरलं की हंडे, घंगाळं, समया, टांगलेल्या पराती बघत पाय रेंगाळतातच. दुकानाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, पुढे दोन तक्रारी आहेत आणि त्या दुकानाच्या नाहीत, वस्तूच्या आहेत.

दुकानातल्या काकांना सांगितलं सुपासाठी हवंय, त्यांनी अजिबात वेगळं वाटून घेतलं नाही, चार यंत्रं काढली, दोन ॲल्युमिनियमची, एक पितळी, एक स्टीलचं. ॲल्युमिनियमची हलकी आणि स्वस्त पण हँडल फिरवलं की सगळं भांडंच डुगडुगतं. मग काकांनी स्टीलचं उलटं धरलं, जाळी बसवली, आतलं पातं फिरवलं आणि मला म्हणाले, "ताई, इथं बोट लावून बघा, पातं जाळीला टेकलं पाहिजे. मधे फट राहिली की जिन्नस खाली उतरत नाही, नुसता गोल गोल फिरत राहतो." मी बोट फिरवलं, एका बाजूला टेकत होतं आणि दुसऱ्या बाजूला कागद जाईल एवढी फट होती. त्यांनी स्वतःहूनच ती जाळी बाजूला ठेवली, दुसऱ्या डब्यातली काढून बसवली, परत फिरवून दाखवलं. असं दाखवून, तपासून देणारा माणूस ऑनलाइन मिळत नाही, यासाठी मी भांडी बाजाराला पैकीच्या पैकी मार्क देते. यंत्र पडलं ७२० रुपयांना, सोबत बारीक, मध्यम, जाड अशा तीन जाळ्या.

आता सूप कसं केलं ते, कारण यंत्राची परीक्षा त्यातच आहे. सहा जणांना पाऊण किलो बटाटे, पाव किलो कांदा, साठ ग्रॅम बटर, एक लिटर भाज्यांचं पाणी म्हणजे स्टॉक, आणि एक कप दूध.

बटाट्यावर जरा थांबते कारण अर्धं सूप तिथेच ठरतं. डिसेंबरमध्ये नवा बटाटा यायला लागतो, ज्याचं साल नखाने निघतं, तो रश्श्याला छान, पण सुपाला नको, तो शिजून फुटत नाही, आत मेणचट राहतो. पिठूळ बटाटा पाहिजे, आयर्लंडमध्ये लोकांना तसाच लागतो, रूस्टर, कर्स पिंक अशी त्यांची नावं आहेत, उकडला की फुलून भुसभुशीत होणारा. आपल्याकडे भाजीवाल्याला वेफर्सचा बटाटा द्या म्हणून सांगा, कुफ्री चिप्सोना मिळाला तर उत्तम, तो वाणच वेफर्ससाठी काढलेला आहे, त्यात पाणी कमी आणि स्टार्च जास्त असतो. कोल्ड स्टोरेजमधून आलेला बटाटा कधीकधी गोडूस लागतो कारण थंडीत त्यातल्या स्टार्चची साखर होते, तो घरी आणून आठवडाभर बाहेर, अंधारात ठेवला तर गोडी बरीच उतरते. आणि ओळखायची एक युक्ती, अकरा वाट्या पाण्यात एक वाटी मीठ विरघळवायचं आणि बटाटा सोडायचा, पिठूळ असेल तर बुडतो, मेणचट असेल तर तरंगतो. मी करून बघितलंय, दोन्ही वेगवेगळे झाले.

कांदा शक्यतो पांढरा घ्या, लाल कांद्याने सुपाचा रंग मळकट होतो. तिकडे लीक घालतात, म्हणजे जाड पातीच्या कांद्यासारखी भाजी, आपल्याकडे लीक प्रत्येक भाजीवाल्याकडे नसतो, मी पातीच्या कांद्याचा पांढरा भाग घालते आणि हिरवी पात वरून.

जड बुडाच्या पातेल्यात बटर वितळवायचं, त्यात बटाट्याच्या छोट्या फोडी आणि कांदा घालून नीट माखून घ्यायचं, मग बटर पेपर गोल कापून थेट भाजीवर ठेवायचा, वर झाकण, आणि गॅस अगदी मंद, दहा मिनिटं. कांदा लाल होऊ द्यायचा नाही. आपला हात सवयीने कांदा परतायला जातो, माझाही गेला, भाचीने हात धरला. नुसता काचेसारखा पारदर्शक झाला पाहिजे, त्याच्याच वाफेत. लसूण नाही, जिरं नाही, हळद नाही. मग उकळता स्टॉक घालायचा आणि बटाटा दाबल्यावर विरघळेल इतका शिजवायचा, पंधरा एक मिनिटं. अमूल बटरमध्ये मीठ असतंच, म्हणून मीठ शेवटी.

पातेलं यंत्रात सरळ ओतू नका, पहिल्यांदा मी तेच केलं तर पाणी सगळं खाली निघून गेलं आणि फोडी वर कोरड्या फिरत राहिल्या, शिवाय हँडल फिरवताना बाहेर उडालं. झाऱ्याने फोडी उचलून आधी त्या यंत्रात घालायच्या, मध्यम जाळी, अर्ध्यापर्यंतच भरायचं, फिरवायचं, मधेमधे पळीभर गरम स्टॉक सोडायचा. चार फेरे पुढे, एक फेरा मागे, मागे फिरवलं की पात्याखाली अडकलेलं सुटतं. खाली पातेल्यात जे पडतं ते बघण्यासारखं असतं, बारीक बारीक शेवया पडतात आणि गरम स्टॉकमध्ये पडल्या पडल्या विरून जातात. कुठेही तार नाही. सगळं निघाल्यावर पातेलं परत गॅसवर, गरम केलेलं दूध, पांढरी मिरपूड, किंचित जायफळ, आणि खळखळून उकळी येऊ द्यायची नाही.

भाचीने पहिला चमचा घेतला आणि काहीच बोलली नाही, दोन मिनिटं नुसती पीत राहिली, मग ताईला म्हणाली, "मम्मी, हेच." तिकडे यात हॅम किंवा बेकनचे तुकडेही घालतात, सव्वीस तारखेला सेंट स्टीफन्स डे असतो, तिकडे सुट्टी असते, आदल्या दिवशीचं उरलेलं असं सुपात जातं. आमच्याकडे शाकाहारी. सोबत तिने कणीक, ताक आणि खायचा सोडा घालून सोडा ब्रेड केला, यीस्ट नाही, तासाभरात तयार. सासूबाईंनी मात्र ज्वारीच्या भाकरीचा काला करून खाल्लं आणि तेही इतकं छान लागलं की पुढच्या वेळी भाकरीच केली.

त्या संध्याकाळची एक गोष्ट लिहायचीच आहे. सूप पिताना आबांनी सहज विचारलं की या लोकांचं बटाट्यावर एवढं का अडलेलं असतं. भाची त्यांना सांगायला लागली की १८४५ मध्ये तिकडे बटाट्यावर रोग आला, गरिबांच्या शेतात जास्त करून लंपर नावाचा एकच वाण होता, आणि गरीब माणूस बटाट्यावरच जगत होता, पानं काळी पडायची, जमिनीतला बटाटा सडायचा, १८५२ पर्यंत दुष्काळ चालला. दहा लाखांच्या आसपास माणसं मेली आणि तेवढीच देश सोडून गेली. १८४१ च्या जनगणनेत ८१ लाखांच्या वर लोक होते, १८५१ ला ६५ लाखांच्या आसपास राहिले. कॉर्क जिल्ह्यातच स्किबरीन म्हणून गाव आहे, तिथल्या दफनभूमीत हजारो माणसं एकत्र पुरलीत, ती तिथे जाऊन आली होती.

आबांनी चमचा खाली ठेवला. "पानं काळी पडतात, ढगाळ हवा, दमटपणा... म्हणजे आपल्या टोमॅटोवरचा करपाच की." आणि तो तोच आहे, फायटोप्थोरा, बटाट्यावर आणि टोमॅटोवर एकच रोग. मग आबा सांगायला लागले, द्राक्षाच्या एका चर्चासत्रात त्यांनी ऐकलं होतं की फ्रान्समध्ये बोर्डोच्या भागात रस्त्याकडेच्या वेलींवर लोक मोरचूद आणि चुना मारून ठेवायचे, जाणाऱ्या-येणाऱ्याने द्राक्षं तोडू नयेत म्हणून, आणि तिथल्या मिलार्दे नावाच्या प्राध्यापकाच्या लक्षात आलं की नेमक्या त्याच वेलींवर डाउनी, म्हणजे केवडा रोग, येत नाही. १८८५ च्या सुमाराची गोष्ट. तेच बोर्डो मिश्रण, जे आबांनी सगळं आयुष्य बागेवर मारलं, आणि तेच नंतर बटाट्याच्या करप्यावरही चाललं. "चाळीस वर्षं उशीर झाला," आबा म्हणाले, आणि वाटी पुढे करून अजून एक पळी मागितली. मी आदल्या दिवशी ती खळ ओतून द्यायला निघाले होते तेव्हा त्यांनी का अडवलं, ते या सगळ्याच्या आधीपासून त्यांच्या अंगातच होतं.

आता तक्रारी. एक, जाळ्यांच्या कडा नीट घासलेल्या नाहीत, पहिल्या धुण्यात माझ्या अंगठ्याला चिरलं, नंतर पॉलिश पेपरने घासून घेतल्या. बनवणाऱ्याने हे काम गिऱ्हाइकावर सोडायला नको होतं. दोन, हँडलचा मधला स्क्रू गरम जिनसामुळे की काय सैल होतो, दर दोन-तीन वापरांनी आवळावा लागतो, नाहीतर पातं वर उचललं जातं आणि काकांनी सांगितलेली ती फट पडते. वेळही लागतो, सहा जणांचं सूप काढायला सात-आठ मिनिटं, हँड ब्लेंडरचं काम मिनिटाचं आहे, घाईच्या संध्याकाळी मी हे काढत नाही. आणि धुणं लगेच, लगेच म्हणजे लगेच, बटाटा जाळीत वाळला की सिमेंट होतो. मी काढल्या काढल्या गार पाण्यात बुडवते आणि जुन्या टूथब्रशने उलट्या बाजूने घासते, मग दोन मिनिटांचं काम आहे. दोन हिवाळ्यांत गंज कुठेही नाही.

बारीक जाळी मी वापरतच नाही, बटाटा त्यातून जोर लावून काढावा लागतो आणि मग परत तोच चिकटपणा यायला लागतो. जाड जाळीतून वांग्याचं भरीत सुंदर येतं. मध्यम जाळीतून टोमॅटोचं सार काढा, सालं आणि बिया वर राहतात, गाळायची गरज नाही. भोपळ्याचं सूपही होतं, पण खरं सांगू का, भोपळा मिक्सरमधून काढला तरी बिघडत नाही, हे यंत्र कमावतं ते बटाट्यातच.

या डिसेंबरला भाची आलीच नाही, कॉर्कमध्येच नोकरी लागली. फोनवर म्हणाली, मावशी, इकडे फूड मिल मिळतं पण मला तसलंच हवंय, काकांच्या दुकानातलं. म्हणून मागच्या शनिवारी दुसरं आणायला गेले, कोणीतरी जाणार आहे त्यांच्यासोबत पाठवायचंय. काकांनी ओळखलं, "सूपवाल्या ताई ना," म्हणाले, आणि यावेळी मी न सांगता तिन्ही जाळ्या एकेक बसवून, बोट फिरवून तपासून दिल्या, स्क्रू पण आवळून दिला. कडांचं बोलले तर म्हणाले कारखान्यात सांगतो, बघू.

एक मात्र माझ्याकडून सांगते, जाताना तुमचं रोजचं मोठं पातेलं सोबत न्या. या यंत्राचे पाय फार पसरत नाहीत, माझ्या आठ लिटरच्या पातेल्यावर ते बसतच नाही, तोंड दहा इंचांपेक्षा मोठं असेल तर पाय आत घसरतात, आणि गरम सूप खाली असताना ते घसरणं चांगलं नाही. दुकानातच पातेल्यावर ठेवून, दाबून, हँडल फिरवून बघा, काका काही म्हणत नाहीत.